उलटं बसवलेलं चाक

तीन वर्षांपूर्वी सातारा रस्त्यावर आम्ही जेवायला थांबलो, तिथल्या रिसॉर्टच्या दारात एक टांगा उभा होता. घोडा अर्थातच नव्हता. दांड्या विटांवर टेकवलेल्या, बैठकीवर झेंडूच्या कुंड्या, चाकांना सोनेरी रंग. लोक त्यापुढं उभे राहून फोटो काढत होते. बाबा एका बाजूला जाऊन बराच वेळ चाकाकडं बघत राहिले. जेवताना काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, ''चाकं उलटी बसवलीत रे.''

मला ते कळलं नव्हतं. ज्या घरात तीन पिढ्या चाकं झाली त्या घरात मी वाढलो, आणि चाकाला सुलट-उलट असतं हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी समजलं. मी पुण्यात इंग्रजी शिकवतो. आजोबा मिरजेत टांगे करायचे आणि दुरुस्त करायचे. बाबांनी तेच काम पंधराएक वर्षं केलं, मग खिडक्या-दारांच्या चौकटींवर आले. माझ्यापर्यंत पोचली ती आजोबांची एक पटाशी. पुस्तकांच्या कपाटात ठेवलेली आहे.

हे सांगायचं कारण, या लेखात ज्या पुस्तकाबद्दल लिहितो आहे ते मी आधी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा चुकीचं वाचलं होतं. जॉर्ज स्टर्टचं 'द व्हीलराइट्स शॉप', केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, १९२३. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात फार्नम नावाचं गाव आहे, तिथल्या घोड्यांच्या गाड्या बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याची ही हकिकत. कारखाना म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा नाही. एक आवार, लाकडाच्या थप्प्या, लाकूड चिरायचा खड्डा, लोहाराचा भाता आणि मोजकी माणसं.

पहिल्यांदा मी ते एम.ए.च्या वर्षात वाचलं, ते एफ. आर. लीव्हिसमुळं. लीव्हिस आणि डेनिस थॉम्पसन यांनी १९३३ साली 'कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट' हे शिक्षकांसाठीचं पुस्तक लिहिलं, त्यात स्टर्टचा मोठा आधार घेतलेला आहे. यंत्रयुगाच्या आधी माणूस, त्याचं काम, गाव आणि जमीन एकमेकांत विणलेली होती, ती वीण तुटली, आणि स्टर्ट हा त्या विणीचा साक्षीदार, असा तो मुद्दा. दुसऱ्यांदा वाचलं ते रेमंड विल्यम्समुळं. विल्यम्सनं 'द कंट्री अँड द सिटी'मध्ये (१९७३) या हळहळीची मजेशीर तपासणी केली आहे. लीव्हिस म्हणतो, जुनं इंग्लंड नुकतंच गेलं. पुरावा म्हणून तो स्टर्ट दाखवतो. स्टर्टच्या पिढीआधीचे लेखक उघडून बघावेत तर तेही म्हणताहेत, नुकतंच गेलं. सरकत्या जिन्यावर उभं राहून मागं मागं जात राहावं तसं ते सुखाचं गाव प्रत्येक पिढीत एक पायरी मागंच सापडतं. हे वाचल्यावर स्टर्ट मला एकदम भाबडा वाटायला लागला. वर्गात मी तसं शिकवलंही.

दोन्ही वेळा मी पुस्तकातली चाकं सोडून बाकी सगळं वाचलं होतं. लाकूड, आरे, धाव यांची पानं भराभर उलटली आणि जिथं लेखक समाजाबद्दल बोलतो तिथं पेन्सिल लावली. पुस्तकाची ताकद नेमकी उलट्या बाजूला आहे.

स्टर्टचा जन्म १८६३चा. आजोबांनी १८१० साली घेतलेला हा धंदा वडिलांकडं आला, आणि १८८४ मध्ये वडील गेल्यावर विशी ओलांडलेल्या या मुलाच्या गळ्यात पडला. तोवर तो गावातल्या शाळेत शिकवत होता. डोक्यात रस्किन होता. हातानं केलेलं काम हेच माणसाला शोभणारं काम, असं त्याला मनापासून वाटत होतं. दुकानात आल्यावर लक्षात आलं की आपल्याला यातलं काहीही येत नाही, आणि जे येत नाही ते शिकवायला कुणाला सवड नाही. कामगार त्याच्यापेक्षा वयानं मोठे, कामात मुरलेले. ते त्याला मालक म्हणत असतील, पण लाकूड कोणतं घ्यायचं हे तेच ठरवायचे. पुस्तकातले उत्तम भाग या न येण्याचे आहेत.

उदाहरणार्थ, चाकाचा खोलगटपणा. जुन्या घोडागाडीचं चाक सपाट नसतं. तुंबा आतल्या बाजूला, आरे तिथून किंचित बाहेर झुकत कडेपर्यंत जातात, त्यामुळं बाहेरून बघितलं तर चाक पसरट ताटासारखं खोल दिसतं. स्टर्टच्या दुकानात प्रत्येक चाक असंच व्हायचं. का, ते कुणी सांगू शकत नव्हतं. असंच करायचं असतं, एवढंच. रोज डोळ्यांसमोर होणाऱ्या या गोष्टीचं कारण उमगायला त्याला कित्येक वर्षं लागली. उत्तर रस्त्यात नव्हतं, घोड्यात होतं. घोडा चालताना सरळ रेषेत ओढत नाही. प्रत्येक पावलाला त्याचं अंग एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं झुलतं, त्याबरोबर दांड्या झुलतात आणि वरचा सगळा बोजा आसावरून कधी या चाकावर, कधी त्या चाकावर आतून बाहेर आदळतो. सपाट चाक असेल तर हे धक्के खाऊन तुंबा बाहेर ढकलला जाईल आणि आरे सांध्यांतून निसटतील. चाक आधीच ताटासारखं असेल तर तुंब्याला बाहेर सरकायला आऱ्यांनी कडेला फाकवावं लागतं, आणि कडेवर तर लोखंडी धाव आवळून बसलेली असते. जितका धक्का, तितकं चाक घट्ट. मग आणखी एक अडचण येते. आरे तिरपे असतील तर ओझ्याखाली ते मोडायचे. म्हणून आसाची टोकं थोडी खाली वाकवायची, म्हणजे चाक वरच्या अंगाला बाहेर कलतं आणि जमिनीवर टेकलेला आरा त्या क्षणी बरोबर उभा राहतो. चाक वर फाकलं की गाडीची पेटीही वर रुंद करता येते. एका गोष्टीतून दुसरी निघत जाते.

बाबांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी समोरचं ताट उचललं, खोल बाजू माझ्याकडं धरली आणि म्हणाले, ''ही बाहेर. रिसॉर्टवाल्यानं ही आत घातली होती.'' नव्या लोखंडी पाइपावर चाकं चढवली होती, तुंब्याच्या मूळ भोकाचा संबंध उरला नव्हता, म्हणून ती उलटी बसू शकली. त्या टांग्याला घोडा जुंपून मिरज स्टेशनपासून दर्ग्यापर्यंत नेला असता तर काय झालं असतं, हे मला आता कळतं.

स्टर्टनं हे ज्या पद्धतीनं लिहिलंय त्यात त्याचा खरा गुण आहे. तो आधी कारण सांगून मग वस्तू दाखवत नाही. वस्तू दाखवतो, मग स्वतःचं अज्ञान, आणि कारण हळूहळू फुटतं. गाडीच्या लाकडांच्या कडा जागोजागी तासलेल्या असायच्या, त्याला ती शोभा वाटायची. नंतर ध्यानात आलं की जिथं जोर येत नाही तिथलं लाकूड काढून टाकलंय, घोड्याला तेवढं वजन कमी. लाकडाच्या निवडीचंही तसंच. तुंब्याला एल्म, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि बारा-चौदा भोकं पाडूनही ते फुटत नाही. आऱ्याला ओक, तोही करवतलेला नाही, फोडलेला; करवत धाग्याला छेदून जाते, फोडलेलं लाकूड आपल्या धाग्यानंच फाटतं, म्हणून आरा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. कडेच्या पुठ्ठ्यांना लवचीक अ‍ॅश. आणि हे सगळं वाळलेलं हवं. इंचभर जाडीला एक वर्ष, असा साधारण हिशेब. म्हणजे वडिलांनी घेऊन ठेवलेल्या लाकडावर मुलगा गाडी करणार आणि मुलानं आज घेतलेलं लाकूड कुणाच्या तरी पुढच्या कामाला. वारसा या शब्दावर आपल्याकडं एवढं लिहिलं जातं, पण गोदामात वाळत पडलेल्या फळ्यांइतका पटणारा वारसा मी फारसा वाचलेला नाही.

आता तक्रारी.

लोखंडी धाव चढवण्याचं वर्णन पुस्तकातलं प्रसिद्ध. धाव चाकाच्या घेरापेक्षा जरा तोकडी करायची, आगीत लाल करून फुगवायची, चाकावर टाकायची, लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. आवळताना सगळे सांधे कुरकुरत घट्ट होतात. माझ्या आजोबांच्या आवारात बैलगाडीच्या चाकाचं काम आलं की हेच व्हायचं. जमिनीवर धाव ठेवून तिच्यावर गोल शेण्या रचायच्या आणि पेटवायच्या. गल्लीतली पोरं बघायला जमायची, मीही त्यात असायचो. इथं स्टर्टचं लेखन चोख आहे, पण धुरात उभ्या असलेल्या माणसांना काय होत होतं हे त्यात फार थोडं येतं. आजोबांच्या पोटऱ्यांवर, मनगटांवर डाग होते. शेवटची दहा वर्षं त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. बारा-बारा तासांचा दिवस स्टर्ट नोंदवतो, पण त्याला त्यात एक प्रकारचं सुख दिसतं. कदाचित असेलही. मात्र सुख होतं असं सांगणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन रोजनिशी लिहीत होता आणि पुस्तकं करत होता.

ही रोजनिशीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. स्टर्ट 'जॉर्ज बोर्न' या नावानं लिहायचा. बोर्न हे तो राहायचा त्या वस्तीचं नाव. १९०१ मध्ये 'द बेट्सवर्थ बुक', १९१२ मध्ये 'चेंज इन द व्हिलेज'. म्हणजे दुकान हे त्याचं पोट होतं आणि लेखन हे त्याचं मन. मला हे फार ओळखीचं आहे, त्यामुळं मी त्याच्यावर जरा जास्तच कडक होत असेन.

आणि पैसे. पुस्तकातलं सगळ्यांत प्रामाणिक प्रकरण हिशेबाचं आहे, आणि त्याबद्दल टीकाकार कमी बोलतात. दुकान हाती आल्यावर त्यानं किमती तपासल्या तेव्हा दिसलं की गाड्या जुन्या, ठरून गेलेल्या दरानं जाताहेत. एखादी गाडी करायला खरोखर किती पडते हे त्यालाच काय, आसपासच्या कुणालाही माहीत नव्हतं. काही कामांत सरळ तोटा होता. शेतकरी ओळखीचे, दर वाडवडिलांपासूनचे, वाढवणार कसे? आणि कामगार तर काम बिघडवून स्वस्त करायला तयार नाहीत. त्यांच्या हाताला वाईट चाक करताच येत नव्हतं. मग त्यानं गॅसवर चालणारं इंजिन आणलं, त्यावर करवती आल्या. दुकान वाचलं. त्याच्याच सांगण्यानुसार, त्या दिवसापासून कारागीर हळूहळू यंत्राला लाकूड भरवणारे झाले.

इथं मी थांबतो. ज्या गोष्टीचं मरण लीव्हिसनं रडून सांगितलं, ती मारायला साक्षीदाराचाच हात लागला होता. स्टर्ट ते लपवत नाही. पण कबुली दिल्यावर लगेच तो काळाबद्दल, युगाबद्दल बोलायला लागतो, आणि वाक्यातला कर्ता गायब होतो. सगळं 'झालं', कुणी 'केलं' नाही. हे वळण मला त्याच्या पुस्तकातलं सर्वांत कच्चं वळण वाटतं. त्याच्या जागी मी असतो तर इंजिन आणलं असतं का? आणलं असतं. बाबांनी चौकटींचं काम धरलं तेव्हा रंधा मारायचं मशीन पहिल्या वर्षीच घेतलं, आणि आजोबांनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या मशीनवर माझं शिक्षण झालं.

मराठीत याच्या जवळपासचं काय आहे, असा विचार करताना त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गाव-गाडा' आठवतं. १९१५ सालचं, म्हणजे स्टर्टच्या आठ वर्षं आधीचं. नावातच गाडा. आत्रे महसूल खात्यातले, गावं पायाखाली घातलेले. बलुतेदारांबद्दल त्यांचा सूर हळहळीचा अजिबात नाही. वतनामुळं कामाची फिकीर उरत नाही, कुणबी भरडला जातो, हे ते चिडून लिहितात. स्टर्टला जुन्या दरांत माया दिसली, आत्र्यांना जुन्या हक्कांत ओझं दिसलं. एकानं दुकानातून गिऱ्हाइकाकडं पाहिलं, दुसऱ्यानं कुणब्याच्या खळ्यावरून सुताराकडं. दोघांच्याही पुस्तकात सुतार स्वतः बोलत नाही.

म्हणून 'एकसंध गावा'ची ती इंग्रजी कल्पना मराठीत आणताना जपून. स्टर्टच्या दुकानातला पोरगा निदान कागदावर तरी दुसऱ्या धंद्याला जाऊ शकत होता. आपल्याकडं कौशल्य आणि जात एकाच खुंट्याला बांधलेली. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं आणि तो शब्द खालून कसा लागतो हे मराठी वाचकाला कळलं; त्यानंतर गावगाड्याबद्दल गोड बोलणं कठीण व्हायला हवं होतं. आमचं घर त्या उतरंडीत बरंच वर होतं, हेही सांगितलं पाहिजे. आजोबांच्या आवारात चामड्याचं साज-सामान घेऊन येणारा माणूस ओट्याच्या खालीच बसायचा. लगाम, खोगीर, पट्टे सगळं त्याच्या हातचं, त्याच्याशिवाय टांगा हलला नसता. मी हे पाहिलंय आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तरी टांग्याचं एक वेगळेपण आहे. तो गावगाड्यातला नव्हताच. नांगर-कुळवाची दुरुस्ती बलुत्यात बसायची. टांगा ही शहराची, स्टेशनची, रोखीची वस्तू. आजोबा खेड्यातून मिरजेला आले ते बलुत्यातून सुटायलाच. धान्याऐवजी नाणं. त्यामुळं त्यांना जुन्या गावाची हळहळ असल्याचं मला कधी दिसलं नाही. हळहळ माझ्या पिढीची, कपाटात पटाशी ठेवणाऱ्यांची.

२०१५च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं, तेव्हा मी बातम्या आणि लेख बरेच वाचले. घोड्यांचे हाल, चालकांचं पोट, दोन्ही बाजूंनी लिहिलं जात होतं. घोड्यांबद्दल न्यायालयाचं म्हणणं मला पटलं होतं, आजही पटतं. पण मी वाचलेल्यात त्या गाड्या कोण दुरुस्त करतं याचं एक वाक्य आढळलं नाही. पुढं त्याच आकाराच्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आल्या. आकार टिकला. त्या आकाराला कारण असलेला घोडा गेल्यावर चाक सपाट असलं काय नि खोल असलं काय.

स्टर्टचं पुस्तक मला शेवटी याच कारणानं मोठं वाटतं, आणि त्यासाठी लीव्हिस किंवा विल्यम्स यांची गरज लागत नाही. आकारामागचं कारण लिहून ठेवणारी पुस्तकं कमी. कारण माहीत असणारे लिहीत नाहीत आणि लिहिणाऱ्यांना आकारच दिसतो. १९१६ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, १९२० मध्ये दुकान दुसऱ्याकडं गेलं. अंग साथ देत नसताना, ज्या कामात आपण कधीच तरबेज नव्हतो ते काम आठवत त्यानं हे लिहिलं. १९२७ मध्ये तो गेला.

मी गेले वर्षभर चाकाच्या प्रकरणाचं मराठी करतो आहे. कोशातून शब्द मिळतात, पण कुठला कुठं चालतो ते बाबाच सांगतात. तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव, आस. एका पुठ्ठ्यात दोन आरे, म्हणजे बारा आऱ्यांच्या चाकाला सहा पुठ्ठे, हे त्यांनी इंग्रजी न वाचता आधीच सांगितलं. खोलगटपणाला आमच्याकडं काय म्हणत ते त्यांना आठवेना. दोन दिवस विचार केला, मिरजेच्या एका जुन्या लोहाराला फोन लावला, त्यालाही आठवेना. ''शब्द कशाला लागायचा,'' ते म्हणाले, ''अण्णा मागं उभे असायचे. चुकलं की पाठीत धपाटा.'' मी तिथं तूर्तास 'खोल' असं लिहून पुढं गेलोय.

परवा धावेचं पान वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, ''ह्या माणसानं स्वतः किती चाकं केली?''

फारशी नाही, म्हटलं. मालक होता. कामगार करायचे. त्यातल्या एकाचं नाव जॉर्ज कूक, त्याच्या हाताबद्दल लेखकानं फार आदरानं लिहिलंय.

''मग त्या कूकचं वाच की,'' बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.